मरीन ड्राइव्ह : समुद्राकडून घेतलेला रस्ता

मुंबईला शाळेची सहल न्यायची म्हटले की ठरलेल्या ठिकाणांत तारापोरवाला मत्स्यालय असायचेच. १९५१ साली सुरू झालेल्या या मत्स्यालयातून मुले बाहेर पडली की रस्ता ओलांडून समोरच्या कठड्यावर जाऊन बसत, आणि बरोबरच्या शिक्षकांची खरी परीक्षा तिथे सुरू होई. अशाच एका सहलीबरोबर आम्ही गेलो होतो. सातवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, लाटा अंगावर येतात, तर रस्ता समुद्राच्या इतका जवळ कशाला बांधला?" त्या वेळी काहीतरी सांगून आम्ही वेळ मारून नेली. पुढे या रस्त्याचा इतिहास वाचू लागलो तेव्हा कळले की प्रश्न उलटा विचारायला हवा होता. हा रस्ता जिथे आहे तिथे पूर्वी समुद्रच होता. तो मागे का सारला, कसा सारला, आणि ठरवला होता तितका का सारता आला नाही, हा खरा विषय आहे.

नेताजी सुभाषचंद्र बोस मार्ग हे या रस्त्याचे अधिकृत नाव, पण ते सहसा कुणी घेत नाही. नरीमन पॉइंटपासून गिरगाव चौपाटीकडे आणि तेथून मलबार हिलच्या पायथ्याकडे वळत जाणारा हा सुमारे साडेतीन किलोमीटरचा अर्धवर्तुळाकार रस्ता. एका बाजूला खुला समुद्र, दुसऱ्या बाजूला साधारण एकाच उंचीच्या इमारतींची सलग ओळ. रात्री मलबार हिलवरून पाहिले तर दिव्यांची माळ दिसते, म्हणून 'राणीचा कंठहार'.

युरोपातील मोठ्या शहरांचे प्रशस्त राजमार्ग बहुधा एखाद्या सत्ताधीशाच्या हुकमाने झाले आहेत. व्हिएन्नाचा रिंगस्ट्रासे १८५७ मध्ये सम्राटाने तटबंदी पाडण्याचा आदेश दिला म्हणून झाला. पॅरिसचे रस्ते तिसऱ्या नेपोलियनच्या पाठबळावर ओस्मानने जुनी वस्ती चिरत नेले. मुंबईतही १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या काळात किल्ल्याची तटबंदी पाडली गेली आणि तिथे ओव्हल मैदानाकडे तोंड करून हायकोर्ट, विद्यापीठ अशा गॉथिक वळणाच्या इमारती उभ्या राहिल्या. मरीन ड्राइव्हची गोष्ट मात्र वेगळी आहे. हा रस्ता एका फार मोठ्या बेताचा उरलेला तुकडा आहे. बेत फसला आणि रस्ता राहिला.

पहिला प्रयत्न

मलबार हिल आणि कुलाबा ही दोन टोके धरली तर मधला बाकदार समुद्र म्हणजे बॅक बे. तो उथळ आहे. शहर बेटावर अडकलेले, जागा मिळेना. तेव्हा हा उथळ समुद्र बुजवावा, ही कल्पना फार जुनी. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानी कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. त्या पैशाला कुठेतरी जायला हवे होते, म्हणून कंपन्या निघाल्या. बॅक बे बुजवणारी कंपनी त्यांतली सर्वांत गाजलेली. तिच्या पाच हजारांच्या शेअरची किंमत दसपटीपर्यंत चढली. समुद्र अजून जागच्या जागी होता, हे कुणी पाहत नव्हते.

एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपले. १ जुलै १८६५ हा वायद्यांच्या पूर्ततेचा दिवस उजाडला आणि सगळा डोलारा कोसळला. बँका बुडाल्या. या सट्ट्याचा नायक प्रेमचंद रायचंद. त्याने भरभराटीच्या दिवसांत विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून राजाबाई टॉवर उभा राहिला, तो आजही ओव्हलवर आहे. कंपनीने जो थोडा पट्टा भरून काढला होता त्यावरून पुढे बॉम्बे बरोडा रेल्वेचे रूळ गेले, आणि १८७० मध्ये चर्चगेट स्टेशन झाले. म्हणजे चर्चगेट ते मरीन लाइन्स हा लोहमार्ग साधारणपणे जुन्या किनाऱ्यावरून जातो, असे समजायला हरकत नाही. गाडीत बसलेल्या माणसाला पश्चिमेच्या खिडकीतून थेट समुद्र दिसत असे.

चौपाटीच्या बाजूचा थोडा रस्ता १९१५ ते १९२० या काळात झाला. त्याला तेव्हा 'केनेडी सी-फेस' म्हणत. पण आज आपण ज्याला मरीन ड्राइव्ह म्हणतो त्याची जमीन आली ती दुसऱ्या प्रयत्नातून.

गाळ आणि गणित

१९१८ मध्ये सर जॉर्ज लॉइड मुंबईचे गव्हर्नर होऊन आले. पहिले महायुद्ध नुकतेच संपत होते, जागेचे भाव भडकले होते. लॉइडनी १९२० मध्ये विकास खाते स्थापन केले आणि बॅक बेमधली ११४५ एकर जमीन समुद्रातून काढण्याची योजना हाती घेतली. तांत्रिक सल्ला सर जॉर्ज ब्यूकॅनन या अनुभवी बंदर-अभियंत्याचा होता. कागदावर योजना सुटसुटीत होती. आधी समुद्रात दगडी भिंत घालायची. मग बंदराच्या बाजूचा गाळ मोठ्या ड्रेजरने, म्हणजे गाळ उपसणाऱ्या जहाजाने काढायचा, तो नळांतून भिंतीच्या आत सोडायचा आणि खाली बसू द्यायचा. जमीन विकून खर्च वसूल होऊन वर नफाच राहणार होता.

बेत बिघडला तो याच गाळात. इथे थोडे थांबले पाहिजे, कारण हा भाग वर्गात करून दाखवता येतो.

दोन उंच बरण्यांत पाणी घ्या. एकीत चिमूटभर वाळू टाका, दुसरीत बारीक केलेली चिकणमाती. वाळू पाहता पाहता तळाशी जाते. चिकणमातीचे पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळच असते. पाण्यात पडणाऱ्या बारीक कणाचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, हा स्टोक्सचा नियम. वाळूचा ०.२ मिलिमीटरचा कण मीटरभर पाणी अर्ध्या मिनिटाच्या आसपास पार करतो. ०.००२ मिलिमीटरचा चिकणमातीचा कण व्यासाने शंभर पट लहान, म्हणून त्याला दहा हजार पट वेळ लागतो, म्हणजे तीन-चार दिवस! समुद्राच्या खाऱ्या पाण्यात हे कण एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात, त्यामुळे ते काहीसे लवकर बसतात. (तिसऱ्या बरणीत मीठ टाकून हेही पाहता येईल.) पण बसले म्हणजे जमीन झाली असे नाही. ओल्या चिकणमातीत पाणी अडकून राहते. ते वरच्या वजनाने हळूहळू पिळून निघावे लागते, आणि त्याला वर्षे लागतात.

आता याच्या जोडीला भिंतीचा विचार करा. भिंत होती दगडांच्या राशीची. दगडांच्या राशीत फटी असणारच. वाळू टाकली असती तर ती फटीत अडकली असती. पण हा गाळ भरतीबरोबर हलायचा आणि ओहोटीबरोबर फटींतून बाहेर निघून जायचा. नळांतून आत सोडलेला गाळ भिंतीतून परत समुद्रात! शिवाय ड्रेजर तासाला जितका गाळ उपसेल असे हिशेबात धरले होते, त्यापेक्षा प्रत्यक्षात पुष्कळ कमी उपसू लागला. गंमत म्हणजे त्या ड्रेजरचे नावही 'सर जॉर्ज लॉइड' असेच ठेवले होते. हिशेबातला वेग हा एक आकडा चुकला की त्याच्याबरोबर वर्षे, व्याज, जमिनीचा भाव, सगळेच चुकत जाते. त्यात युद्धानंतरची तेजी संपून जागांचे भाव उतरले. खर्चाचे अंदाज पुन्हा पुन्हा वाढवावे लागले.

आमच्या मते यात अभियंत्यांचे अज्ञान हा मुख्य दोष नव्हता. गाळ कसा वागतो हे त्या काळीही माहीत होते, भिंतीच्या फटी बुजवण्याचे उपायही होते. दोष असा की पहिला अंदाज एकदा जाहीर झाल्यावर तो तपासून पाहण्यात कुणालाच रस उरला नाही.

तपासणी झाली ती बाहेरून. खुर्शेद फ्रामजी नरीमन हे तरुण पारशी वकील मुंबई कायदेमंडळात होते. त्यांनी या योजनेचे आकडे खोदून काढले, सभांतून आणि वृत्तपत्रांतून खात्यावर गैरकारभाराचे आरोप केले. 'लॉइडचा मूर्खपणा' हे नाव लोकांच्या तोंडी बसले. हार्वे नावाच्या अधिकाऱ्याने नरीमनांवर बदनामीचा खटला भरला. तो गाजला आणि १९२८ मध्ये नरीमन निर्दोष सुटले. दरम्यान १९२६ मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. अलाहाबाद हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर ग्रिमवुड मिअर्स तिचे अध्यक्ष, आणि सदस्यांत मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकलेले आणि मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नोकरी केलेले विश्वेश्वरय्या हा माणूस पाणी आणि भिंत यांचे नाते पुरते ओळखणारा होता. खडकवासल्याला त्यांनी बसवलेली स्वयंचलित दारे प्रसिद्धच आहेत.

लॉइड तोपर्यंत, १९२३ मध्येच, मुंबई सोडून गेले होते. न्याय म्हणून हेही सांगायला हवे की त्यांच्याच कारकिर्दीत उचल मिळालेले सिंधमधील सक्करचे धरण १९३२ मध्ये पुरे झाले आणि ते यशस्वी ठरले.

योजनेचे आठ भाग केले होते. त्यांतले मधले चार सोडून देण्यात आले. चर्चगेट-मरीन लाइन्सकडचे दोन आणि कुलाब्याकडचे दोन पुरे करायचे ठरले. चिकणमातीवरचा भरवसा उडाला होता, म्हणून मुरूम-दगडाचा कोरडा भरावही वापरला गेला. तो आला कांदिवलीच्या टेकडीतून, रेल्वेच्या वाघिणींत भरून. मरीन ड्राइव्हवर चालताना आपल्या पायाखाली उपनगरातली एक टेकडी आहे, हे आता कुणाच्या ध्यानातही येत नाही. ११४५ एकरांपैकी हाती आली सुमारे ४४० एकर जमीन. त्यातलीही २३५ एकरांच्या आसपास लष्कराला विकली गेली. शहराच्या वाट्याला आला तो उरलेला भाग, आणि समुद्राच्या कडेने एक रुंद रस्ता.

घरांची ओळ

१९३० च्या अखेरीस चर्चगेटपुढे कुलाब्यापर्यंत जाणारी रेल्वे बंद झाली, रूळ उखडले गेले, आणि ओव्हलच्या पश्चिम कडेपासून समुद्रापर्यंत सगळी जागा मोकळी झाली. प्लॉट पाडले गेले. उंची काय असावी, रस्त्यापासून अंतर किती सोडावे याचे नियम घातले गेले. म्हणून त्या ओळीला एकसारखेपणा आहे. इमारती मात्र निरनिराळ्या मालकांनी, निरनिराळ्या वास्तुशिल्पींकडून बांधून घेतल्या. बहुतेक १९३५ ते १९४५ या दशकातल्या आहेत.

ही शैली 'आर्ट डेको' म्हणून ओळखली जाते. नावाचे मूळ १९२५ च्या पॅरिसमधील सजावटी कलांच्या प्रदर्शनात आहे. पण हे नाव रूढ झाले १९६० च्या दशकाच्या अखेरीस. ज्यांनी ही घरे बांधली ते स्वतः हा शब्द वापरत नसत. त्यांना हवी होती 'मॉडर्न' इमारत : दगडी कमानी, मनोरे, पानाफुलांची कोरीव कामे नकोत, सरळ पट्टे, गोलाकार कोपरे, आगबोटीच्या डेकसारखे सज्जे हवेत. ओव्हल मैदानात मधोमध उभे राहिले की फरक डोळ्यांत भरतो. पूर्वेला राजाबाई टॉवर, पहिल्या बॅक बे सट्ट्याच्या काळातल्या पैशाचा. पश्चिमेला दुसऱ्या बॅक बे योजनेच्या जमिनीवरची घरे आणि १९३८ चे इरॉस थिएटर. मध्ये एक मैदान. हे दोन्ही मिळून ३० जून २०१८ रोजी युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. मरीन ड्राइव्हवरची ओळही त्यात आहे.

या घरांच्या कर्त्यांत गजानन बाबूराव म्हात्रे हे नाव मराठी वाचकाला माहीत असायला हवे, पण फारसे नसते. मरीन ड्राइव्हवरची 'सूना महाल' (१९३७) त्यांची. कोपऱ्यावरचा प्लॉट, आणि त्या कोपऱ्याला गोलाई देऊन वर छोटा मनोरा. दोन रस्त्यांकडे एकाच वेळी तोंड करणारी इमारत कशी असावी याचा धडाच आहे. ओव्हलवरची 'एम्प्रेस कोर्ट'ही त्यांचीच. रस्त्याच्या बांधकामाच्या संदर्भात पालनजी मिस्त्री यांच्याबरोबर रत्नागिरीचे भागोजीशेठ कीर यांचे नाव घेतले जाते. पतितपावन मंदिर बांधणारे हेच भागोजीशेठ.

हे सारे शक्य झाले ते सिमेंट काँक्रीट आणि लोखंडी सळई यांच्या जोडीमुळे. काँक्रीट दाबाला भक्कम पण ताणाला कच्चे. पोलाद ताणाला भक्कम. तुळईच्या ज्या बाजूला ताण येतो तिथे सळई घातली की दोघे एकमेकांचे उणे भरून काढतात. मग भिंतीने भार घ्यायची गरज राहत नाही. खांब-तुळयांचा सांगाडा भार घेतो आणि भिंत हवी तशी वळवता येते, खिडकी कोपऱ्यातही ठेवता येते, सज्जा आधाराशिवाय पुढे काढता येतो. दगडी बांधकामात हे जमले नसते. १९३६ मध्ये देशातल्या अनेक सिमेंट कंपन्या एकत्र येऊन ए.सी.सी. झाली, सिमेंट देशी आणि मुबलक होते.

या इमारतींच्या खिडक्यांवर काँक्रीटचे पातळ, लांब छज्जे असतात. त्यांना भुवया म्हणतात आणि शब्द चपखल आहे. मुंबईचे दुपारचे ऊन आणि पश्चिमेचा तिरपा पाऊस दोन्ही त्या अडवतात. पॅरिस किंवा न्यूयॉर्कच्या आर्ट डेकोत त्यांचे काम नव्हते.

आता आमच्या धंद्यातली गोष्ट. आमचा रोजचा विषय धातूंचा गंज, म्हणून मरीन ड्राइव्हवर गेलो की नजर आधी भुवयांकडे जाते. काँक्रीट आतून तीव्र अल्कधर्मी असते, पीएच साडेबाराच्या वर. त्यात सळईवर एक अतिपातळ संरक्षक थर राहतो आणि ती गंजत नाही. पण समुद्रावरून येणाऱ्या तुषारांतले क्लोराइड काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून आत झिरपते आणि तो थर फोडते. हवेतला कार्बन डायऑक्साइडही हळूहळू अल्कता कमी करतो. सळई गंजू लागली की गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा लागते. आतून दाब येतो, काँक्रीट तडकते, पापुद्रा सुटून पडतो, मग ओल सरळ सळईपर्यंत. भुवई जितकी पातळ तितके सळईवरचे आवरण कमी, म्हणून आधी तीच जाते. म्हणजे या इमारतींत जे सर्वांत देखणे आहे तेच सर्वांत कच्चे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी जुन्या पातळीवर गोठली, मालकांना दुरुस्ती परवडेना, आणि क्लोराइड काही थांबले नाही.

त्याच खात्याच्या चाळी

या रस्त्याविषयी लिहिताना एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. लॉइड यांच्या विकास खात्याने बॅक बेबरोबरच आणखी एक काम अंगावर घेतले होते : गिरणी कामगारांसाठी ५० हजार खोल्या. त्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवला. झाल्या सुमारे साडेसोळा हजार खोल्या. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथील २०७ बी.डी.डी. चाळी त्या ह्याच. बी.डी.डी. म्हणजे हेच ते विकास खाते. एका कुटुंबाला १६० चौरस फुटांची एक खोली, मजल्यावर सामाईक नळ आणि संडास. साहित्य तेच, सिमेंट काँक्रीट. जी सामग्री मरीन ड्राइव्हवर गोल सज्जे आणि भुवया झाली, ती इथे नुसती पेटी झाली. सुरुवातीला तर यांतल्या पुष्कळ खोल्या रिकाम्याच राहिल्या, कारण कामगारांना त्या काळोख्या आणि महाग वाटल्या.

मरीन ड्राइव्हवर जे राहायला आले ते व्यापारी, कारखानदार, डॉक्टर-वकील, पुढे सुरैया-नर्गिससारख्या सिनेनट्या. ते राहत ते 'ब्लॉक'मध्ये, म्हणजे संडास-न्हाणीघर ज्याचे त्याला आणि दार लावले की आपले. मुंबईच्या मध्यमवर्गाला ब्लॉकची जी ओढ लागली तिला या ओळीने पुष्कळ खतपाणी घातले. बी.डी.डी. चाळी मात्र आता पाडल्या जात आहेत. वरळीतल्या पहिल्या काही कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या इमारतींतल्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. एकाच खात्याची एकाच दशकातली दोन कामे. एक वारसा ठरले, एक पाडायचे ठरले. वास्तुकलेच्या पुस्तकांत दोन्ही शेजारीशेजारी छापायला हरकत नसावी.

पुढची भर

सोडून दिलेल्या चार भागांपैकी काही भाग स्वातंत्र्यानंतर, १९६० च्या दशकापासून भरला गेला आणि तिथे उंच कचेऱ्यांचा नरीमन पॉइंट उभा राहिला. ज्या माणसाने ही योजना उघडी पाडली त्याचेच नाव तिच्या टोकाला मिळाले!

समुद्राने आपला दावा सोडलेला नाही. उभ्या भिंतीवर आदळलेली लाट परत फिरते आणि येणाऱ्या लाटेत मिसळून अधिक उंच उसळते. पावसाळ्यात कठड्यावरून उडणारे पाणी ते हेच. त्यावरचा उपाय म्हणजे भिंतीबाहेर टाकलेले काँक्रीटचे चार पायांचे टेट्रापॉड. १९५० मध्ये फ्रान्समधल्या ग्रनोबल येथील प्रयोगशाळेत ते तयार झाले. चार पाय एकमेकांत अडकतात, लाट त्यांच्या फटींतून शिरते, वळते, आपापसांतच आदळते आणि तिची ऊर्जा तिथेच खर्ची पडते. १९२० च्या भिंतीच्या फटी घातक ठरल्या, इथे फटी मुद्दाम ठेवल्या आहेत. २०२२ मध्ये किनारी रस्त्याच्या कामासाठी हे टेट्रापॉड काही काळ हलवले, तेव्हा भरतीच्या वेळी इमारती हादरत असल्याची तक्रार रहिवाशांनी केली. पुढे ते परत बसवले. तो किनारी रस्ता २०२४ मध्ये खुला झाला. मलबार हिलखालून दोन किलोमीटरहून थोडा लांब जोडबोगदा काढून तो मरीन ड्राइव्हला येऊन मिळतो. त्यासाठीही समुद्रात भराव घातलाच.

मुलांना घेऊन जायचे असेल तर मत्स्यालयापासून सुरुवात करू नये. चर्चगेट स्टेशनाच्या बाहेर इरॉससमोर उभे राहावे. इथे जवळपास जुना किनारा होता, हे सांगून पश्चिमेकडे चालू लागावे. सात-आठ मिनिटांत कठडा येतो. डाव्या-उजव्या बाजूच्या इमारतींच्या भुवया मोजायला सांगाव्यात. किती धड आहेत, किती तडकल्या आहेत, किती ठिकाणी सळई उघडी पडली आहे, हे वहीत टिपायला लावावे. रस्ता संपतो तिथे कोपऱ्यावर म्हात्र्यांची सूना महाल आहे. रस्त्याच्या पाटीवर नाव आहे वीर नरीमन रोड.